जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका. घरच्या घरी लिनक्स मिंट असं टाका

मोहोळ : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. नोंदणी केलेल्या घरगुती कॉम्प्युटरना सुरक्षा अपडेट मिळण्याची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची. कॉम्प्युटर त्यानंतरही चालू होतो, पण नवीन व्हायरस आला तर कंपनी दुरुस्ती पाठवत नाही. ज्या मशीनवर आपण बँकेचं काम करतो, मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरतो, आधारच्या प्रती ठेवतो, तिचं दार असं उघडं ठेवणं धोक्याचं आहे.

विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर टीपीएम २.० आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आपल्याकडे घराघरात असलेले सेकंडहँड कॉम्प्युटर यात बसत नाहीत. मग लोकांपुढे दोनच वाटा उरतात असं वाटतं : नवीन मशीन घ्या, नाहीतर कुणाकडून तरी ‘क्रॅक’ विंडोज मारून घ्या.

क्रॅकबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला झालेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की लेखन, शोध आणि निर्मितीचे हक्क शरीअतच्या दृष्टीनेही संरक्षित आहेत, त्यांवर हात टाकता येत नाही. शिवाय क्रॅकच्या फाइलसोबत व्हायरस आला तर नुकसान आपलंच.

तिसरी वाट आहे. ती मोफतही आहे आणि कुणाचा हक्कही मारत नाही. तिचं नाव लिनक्स.

लिनक्स मिंटच का?

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा, याची लेखी परवानगी परवान्यातच आहे. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात. सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स काढलं. मुस्लिम वापरकर्त्यांसाठी ‘उबुंटू मुस्लिम एडिशन’ निघालं होतं, पुढे त्याचं नाव ‘सबीली’ झालं. नमाजच्या वेळा आणि कुरआन वाचनाची सोय त्यात होती. ते आता बंद आहे, म्हणून जुनी फाइल कुठे सापडली तरी टाकू नका.

नवशिक्यासाठी लिनक्स मिंट सोपं पडतं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, फोल्डर तसेच. विंडोज वापरलेल्या माणसाला अर्ध्या तासात हात बसतो. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यासाठी ६४ बिटचा कॉम्प्युटर, किमान २ जीबी रॅम (४ असेल तर बरं) आणि २० जीबी जागा लागते. रॅम कमी असेल तर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या, नाहीतर ‘सिनामन’.

टाकण्याची पद्धत

१. सगळ्यात आधी बॅकअप. लग्नाचे फोटो, मार्कशीट, दुकानाचा हिशेब, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. लिनक्समिंट डॉट कॉम या अधिकृत साइटवरूनच आयएसओ फाइल उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते.

३. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. नुसती फाइल कॉपी करून चालत नाही. ‘एचर’ किंवा ‘रुफस’ या मोफत प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. यात पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं जातं.

४. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि सुरुवातीलाच एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट दाबत राहा. कोणतं बटण, ते कंपनीनुसार बदलतं. बूटच्या यादीत पेनड्राइव्ह निवडा.

५. आता मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालू होईल. हार्ड डिस्कला अजून हातही लागलेला नाही. इथे घाई करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे तपासा. पटलं नाही तर बंद करून पेनड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं आहे.

६. पटलं तर डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल क्लिक करा. भाषा, कीबोर्ड निवडा, मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक करा.

७. पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ म्हणजे विंडोजही राहील, मिंटही येईल. ‘इरेज डिस्क’ म्हणजे पूर्ण डिस्क पुसली जाईल. नीट वाचूनच बटण दाबा.

८. वेळेसाठी कोलकाता निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. काम चालू असताना लाइट गेली तर घोटाळा होतो, म्हणून लोडशेडिंगची वेळ टाळा किंवा यूपीएस लावा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा.

टाकल्यावर काय?

आधी अपडेट मॅनेजर चालवा. ‘टाइमशिफ्ट’ लावून ठेवा, काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या तारखेला नेता येते. त्यात आपल्या फाइलींचा बॅकअप मात्र होत नाही, तो वेगळाच ठेवा. पत्र आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स आधीच असतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही जोडता येतात. ‘नोटो नस्तालीक उर्दू’ फाँट घेतला तर उर्दू नस्तालीकमध्ये सुंदर दिसतं. मदरशात किंवा मस्जिदीच्या कमिटीत सूचना लिहिणाऱ्यांना हे उपयोगी आहे.

कुणी थांबावं?

टॅली आणि छापखान्यातली श्रीलिपी ही विंडोजसाठी बनवलेली आहेत. अंगठ्याच्या मशीनचे आणि डिजिटल सहीच्या टोकनचे प्रोग्रामही बऱ्याचदा विंडोजवरच चालतात. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. ज्यांचं पोट यावर आहे, त्यांनी विंडोज काढू नये, दोन्ही शेजारी ठेवावं आणि विंडोजवर फक्त तेवढंच काम करावं. एमएस-सीआयटीसारख्या कोर्सची तयारी करणाऱ्या मुलांनीही तसंच करावं.

बाकी अभ्यास, फॉर्म, व्हिडिओ, मेल आणि टायपिंग एवढंच काम असेल, तर दहा वर्षांचा जुना कॉम्प्युटरही अजून कामाचा आहे. मोहल्ल्यातल्या एका जाणत्या मुलाने एक पेनड्राइव्ह तयार केला तर तोच दहा घरांत फिरू शकतो, आणि तो असा वाटणं पूर्णपणे कायदेशीर आहे. नवीन मशीनचे वाचलेले पैसे मुलांच्या फीला लावा.