गटारातला विषाणू आणि क्लोरीन

मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात. एकाही मुलाला लकवा होण्याआधी गटारातून बातमी मिळू शकते, हे मला विलक्षण वाटतं! पण नमुना कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. शुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा फेरिक क्लोराइड टाकलं की बरेच विषाणू गाळाला चिकटून तळाशी बसतात. वरच्या पाण्यात शोधाल तर कमीच सापडणार. क्लोरीन विषाणूला निकामी करतो, तरी त्याच्या आरएनएचे तुकडे पीसीआरमध्ये दिसू शकतात. पेशींवर वाढवून बघितलं तर मात्र काहीच उगवत नाही. म्हणून नमुना प्रक्रियेआधीच्या कच्च्या पाण्याचाच घ्यावा. क्लोरीनचा संशय असेल, तर बाटलीत आधीच चिमूटभर सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतही क्लोरीनचं काम चालूच राहतं.