लॉग स्प्लिटर घ्यायचाय? नुसता टनाचा आकडा बघू नका

इन्स्टावर ते रील तुम्ही नक्की पाहिलं असणार. जाडजूड ओंडका मशीनवर ठेवला, दांडा ओढला आणि काकडीसारखे दोन तुकडे! खाली कमेंट ठरलेली : "दादा, हे कुठे मिळेल?" बेलापूर, श्रीरामपूर भागात ज्यांच्या घरी लाकडाची वखार आहे, ढाबा आहे किंवा लग्नाच्या स्वयंपाकाची कामं आहेत, त्यांच्या डोक्यात हा विचार येणं साहजिक आहे. घण आणि पाचर घेऊन दिवसभर बाभूळ फोडणारा माणूस आता सहज मिळत नाही.

पण मशीन बघण्याआधी आपल्या ढिगाकडे बघा. प्रवरेकाठी आणि पडीक रानात सरपणाला सगळ्यात जास्त काय येतं? वेडी बाभूळ. तिच्या फांद्या मनगटाएवढ्या, फार तर मांडीएवढ्या. त्या फोडायच्या नसतात, फक्त कापायच्या असतात. त्यासाठी चेनसॉ किंवा गोल पात्याचं कटर पुरतं. स्प्लिटर लागतो तो गावठी बाभूळ, कडुनिंब, चिंच यांच्या जाड बुंध्यांना. तुमच्या ढिगात असे बुंधे चार-पाचच असतील तर पैसे वाचवा, गावातल्या कुणाकडून तरी भाड्याने फोडून घ्या. (चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. तोडायला परवानगी लागते, त्यामुळे विकत घेताना कागद मागा.)

बुंधे भरपूर आहेत? मग पुढे वाचा.

टन म्हणजे नेमकं काय?

विक्रेता पहिलं वाक्य बोलतो, "साहेब, सोळा टनी आहे." हा आकडा येतो कुठून ते बघू. पंप तेलाला दाब देतो, ते तेल सिलिंडरमधल्या दट्ट्याला ढकलतं. जोर म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ, शाळेत शिकलेला पास्कलचा नियम. सिलिंडरचा आतला व्यास 10 सेंमी असेल तर क्षेत्रफळ साधारण 78.5 चौरस सेंमी. दाब 200 बार, म्हणजे दर चौरस सेंमीवर सुमारे 204 किलो. गुणाकार करा : 16,000 किलो. झाले सोळा टन. म्हणून कुणी 6 सेंमीचा सिलिंडर दाखवून सोळा टन म्हणत असेल तर मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. तिथे 200 बारला पावणेसहा टनच निघतात.

आता खरी गंमत. टन मिळाले, पण किती वेळात? त्याच 10 सेंमीच्या सिलिंडरला 60 सेंमी पुढे जायला सुमारे 4.7 लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर 14 सेकंद. पण 200 बार दाबाने 20 लिटर तेल द्यायला साधारण 10 एचपीची मोटर लागते. तुमच्याकडे सिंगल फेजवरची 3 एचपी असेल तर त्याच दाबाला तेल मिळेल मिनिटाला साडेपाच लिटरच्या आसपास. म्हणजे एका फेरीला जवळपास 50 सेकंद, वर मागे यायचा वेळ वेगळा. कागदावर दोन्ही मशीन सोळा टनीच! एक दिवसात ढीग संपवेल, दुसऱ्याजवळ उभं राहून तुम्हीच म्हणाल की याच्यापेक्षा कुऱ्हाड बरी.

यावर एक चांगला उपाय म्हणजे टू-स्टेज पंप. पाचर लाकडाला टेकेपर्यंत तो भरपूर तेल कमी दाबाने देतो, म्हणून दट्ट्या पळत जातो. लाकूड अडलं की आपोआप कमी तेल, जास्त दाब. छोटी मोटर असेल तर हा पंप आहे का, हा प्रश्न टनाच्याही आधी विचारा.

म्हणून विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवा, पण न कापलेला. रील अनेकदा फास्ट केलेलं असतं. त्याहून बरं म्हणजे आपला गाठीचा एक ओंडका घेऊन थेट वर्कशॉपमध्ये जा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. सरळ निलगिरी तर कुठलंही मशीन फोडतं. गाठाळ बाभूळ फुटते का ते बघायचं.

लाईट की ट्रॅक्टर?

शेतीच्या फीडरवर थ्री-फेज पाळीने येते, कधी रात्रीची. शिवाय शेतीपंपाच्या कनेक्शनवर धंद्याचं मशीन चालवणं नियमात बसत नाही. वखारीला स्वतंत्र थ्री-फेज असेल तर इलेक्ट्रिक उत्तम : आवाज कमी, खर्च कमी. नसेल तर ट्रॅक्टर.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मुरमाची ट्रॉली उचलणारा जॅक पाहिलाय ना? तेलाने फक्त वर जातो, खाली येतो तो ट्रॉलीच्या वजनाने. त्याला एकच पाईप पुरतो. स्प्लिटरचा दट्ट्या मात्र तेलानेच मागे ओढावा लागतो, नाहीतर पाचर लाकडात अडकून बसते. म्हणून दोन पाईप, वेगळा व्हॉल्व्ह आणि तेल ट्रॅक्टरच्या टाकीत परत जायला रिटर्न लाईन हवी. "ट्रॉलीच्या पॉइंटला लावा, चालेल" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला किती लिटर देतो ते मॅन्युअलमध्ये बघून वरचं गणित पुन्हा करा.

उभं की आडवं? ओल्या बाभळीचा 40 सेंमी जाड, 45 सेंमी लांब ठोकळा 55-60 किलो भरतो. असे शंभर ठोकळे कंबरेपर्यंत उचलायचे का, ते आधी ठरवा. उभ्या मशीनमध्ये ठोकळा जमिनीवरून लोटत आणता येतो. बारीक माल जास्त असेल तर आडवं सोयीचं. चार तुकडे करणारी पाचर दिसायला भारी, पण गाठीच्या लाकडात अडकते.

हात सांभाळा

या मशीनचा सगळ्यात वाईट अपघात साधा असतो : एकजण ठोकळा धरतो, दुसरा दांडा ओढतो. बोटं मधे. सोळा टनाला हाड आणि लाकूड यातला फरक कळत नाही. म्हणून मशीन एकाच माणसाने चालवायचं, आणि दोन्ही हात दांड्यांवर असतील तेव्हाच दट्ट्या पुढे जाईल असं दोन दांड्यांचं मशीन घ्यायचं. स्थानिक फॅब्रिकेटर पैसे वाचवायला एकच दांडा देतात. जास्तीचे पैसे देऊन दुसरा बसवून घ्या. ट्रॅक्टरच्या पीटीओवर गाजरासारखा फिरणारा स्क्रू लावतात, तो स्वस्त असतो, पण शर्टाची बाही किंवा गमछा त्यात गेला तर थांबवायला वेळच मिळत नाही. मी तरी तो कुणाला सुचवणार नाही.

पाईपमधून तेल गळतंय का ते हाताने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून 200 बारचं तेल कातडीच्या आत शिरतं. वर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत मात्र हात सडू शकतो. पुठ्ठा फिरवून बघा. आणि तसं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या हॉस्पिटलला जा, तिथे "प्रेशरचं तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा.

आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात घेऊन तेलाची टाकी मोठी असलेलं मशीन निवडा. तेल तापून पातळ झालं की दुपारी मशीनचा जोर कमी वाटतो. 68 ग्रेडचं हायड्रॉलिक तेल उन्हाळ्यात बरं पडतं, तरी मशीनच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा.

ऑनलाईन मागवणार असाल तर पत्त्यात तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर ठळक लिहा. नुसतं बेलापूर लिहिलं तर नवी मुंबईचं बेलापूर समजलं जाऊ शकतं, आणि रेल्वेचं बेलापूर स्टेशन तर श्रीरामपुरात आहे. दोन-तीनशे किलोचं मशीन चुकीच्या गोदामात उतरलं तर परत आणायचं भाडं कुणी भरायचं, हेही ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्या.