कात्री कुठल्या टोकाकडून

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात औषधांच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहिलं, की लक्ष जातं ते फार्मासिस्टच्या कात्रीकडे. दहाच्या पट्टीतल्या सहाच गोळ्या द्यायच्या असतात. तो पट्टी उलटी करतो, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख कुठल्या टोकाला छापली आहे ते पाहतो आणि विरुद्ध टोकाकडून कापतो. तारखेचं टोक शेवटपर्यंत कपाटात राहतं. गिऱ्हाइकाच्या हाती पडलेल्या तुकड्यावर कधी कधी औषधाचं नावही अर्धंच उरतं. मग पुरावा एकच, बिल. आणि तेच माणसं बाहेर पडताना चुरगाळून टाकतात.

रांगेत आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडची माणसं, त्यांत गोंड आणि कोलाम कुटुंबंही. एका आजीसोबत दहा-बारा वर्षांचा नातू आहे, डोळे पिवळसर. चिठ्ठीवर हायड्रॉक्सीयुरिया.

"आजी, हे कॅप्सूल रोज घ्याचं हाय. दुखत नसलं तरी."

"अन् दुखलं तं?"

"तं पानी जास्त पाजा. ताप आला तं घरी थांबू नका, दवाखान्यात आना."

मग फार्मासिस्ट पाकिटावर पेनानं चंद्र काढतो, म्हणजे रात्री. आजीला अक्षर येत नसलं तरी चंद्र कळतो.

नातवाला सिकलसेल आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. कळा येतात त्या त्यामुळे. विदर्भात हा आजार आदिवासींइतकाच दलित वस्त्यांमध्येही आहे. हायड्रॉक्सीयुरियामुळे रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी कमी वाकतात. पण त्यानं पांढऱ्या पेशीही कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. आजीची खरी अडचण हीच आहे. कॅप्सूल महाग नाही. पण तपासणी, चिठ्ठी आणि खिडकी अशा तीन रांगांत दिवस जातो, म्हणजे मजुरी बुडते.

औषधाच्या किमतीचा प्रश्न सेवाग्रामनं फार आधी हाती घेतला. 1980 च्या दशकात डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपात आरोग्य विमा सुरू केला. सुगीत घरटी ज्वारी जमा व्हायची, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि गावाला उपचाराचा आधार मिळायचा. पुढे डॉ. एस. पी. कलंत्री वैद्यकीय अधीक्षक असताना रुग्णालयात स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान उभं राहिलं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती खरेदी किमतीच्या जवळपास विकण्याची. बाजारात जेनेरिकच्या पट्टीवरही छापील किंमत मूळ भावाच्या कितीतरी पट असते आणि तो फरक दुकानदाराच्या खिशात जातो. 'जेनेरिक' असं लिहिलं म्हणून औषध गरिबाला स्वस्त पडतंच असं नाही.

आणि स्वस्त म्हणजे सुरक्षित असंही नाही. नागपूरच्या पलीकडे, छिंदवाड्यात 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोल्ड्रिफ हे खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तपासणीत त्या औषधात 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. बाटलीवर बॅच होती, तारीख होती, सगळं व्यवस्थित छापलेलं होतं. छपाई वाचून भेसळ कळत नाही. ती प्रयोगशाळेतच कळते, आणि ती तपासणी बाटली गावात पोचण्याआधी व्हायला हवी. खिडकीवरच्या माणसाच्या दक्षतेला तिथे मर्यादा आहे.

केंद्र सरकारनं जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. तपासणी शिबिरं झाली, कार्डं वाटली. आजार शोधणं एकदाच होतं, कॅप्सूल मात्र वर्षानुवर्षं लागते. तिचा साठा आणि रक्ततपासणीची सोय गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल, तर कार्डाचा उपयोग ट्रंकेत ठेवण्यापुरताच.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तुमच्या आरोग्य केंद्राची औषधसाठा नोंदवही मागा, हायड्रॉक्सीयुरिया कधी संपली आणि कधी आली ते वाचून घ्या. आणि औषधाचं बिल फेकू नका.