बाहेरगावी जाताना कुत्रं कोणाकडे ठेवाल?



दसरा-दिवाळी झाली की कंधार, मुखेड, लोहा भागातल्या वाड्या-तांड्यांवर कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला निघतात. शेळ्या कोणाच्या तरी हवाली होतात, कोंबड्या विकल्या जातात. आणि कुत्रं? त्याचा विचार गाडी सुटायच्या दिवशी होतो. "राहील गल्लीत, खाईल कुठंतरी," असं म्हणून माणसं पाठ फिरवतात. वारीला जाताना, लग्नाला जाताना, आजारी माणसाला घेऊन लातूर-नांदेडच्या दवाखान्यात राहावं लागलं तरी तसंच होतं.

पण असं सोडलेलं कुत्रं उपाशी फिरतं, मोकाट कुत्र्यांशी भांडतं. त्यातलं एखादं पिसाळलेलं असलं तर रोग घेऊन ते आपल्याच दारात येतं आणि आपल्याच लेकरांच्या अंगाशी खेळतं. पिसाळी एकदा दिसू लागली की माणूस असो की जनावर, वाचणं जवळपास अशक्य. म्हणून कुत्र्याची सोय लावणं हे लेकरांच्या जिवाचंही काम आहे.

पुण्या-मुंबईत आता कुत्र्यांची पाळणाघरं आहेत. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं, दिवसाचे पैसे द्यायचे. आपल्याकडे ते काम शेजारीण, नणंद, आखाड्यावरचा सालगडी किंवा गटातली एखादी बाई करते. पैशाचं पाळणाघर असो की शेजारणीचं अंगण, पारख एकच: जागा नंतर बघा, आधी माणूस बघा.

पहिलं विचारायचं ते हे, की दिवसभर घरी कोण असतं? सोयाबीन काढणीच्या दिवसांत सगळं घर शेतात जातं. मग कुत्रं सकाळपासून अंधार पडेपर्यंत साखळीला. त्यापेक्षा घरी एक म्हातारी आजी असलेलं घर बरं. मात्र कुत्रं दांडगं असेल तर ते आजीच्यानं आवरेल का, हेही बघा.

दुसरं, तिथं आणखी कोणती जनावरं आहेत? कारवानी आणि पश्मी ही आपल्या भागातली शिकारी कुत्री. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शनात ती मिरवतात. ती धावणारी जात आहे. कोंबड्या, शेळीची पिल्लं असलेल्या घरी तिला मोकळं सोडलं तर नुकसान होईल, आणि कायम बांधलं तर कुत्रं चिडकं होईल. अशा कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणारं कोणीतरी हवं.

तिसरं, सावली आणि पाणी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर टाकतं. भर दुपारी पत्र्याच्या बंद खोलीत कोंडलं तर ते दगावू शकतं. झाडाखाली किंवा छपरात हवेशीर जागा आणि सावलीत पाण्याचं जड भांडं, एवढं तरी पाहिजेच.

चौथं, तिथल्या इतर कुत्र्यांना लस दिली आहे का? जिथं अनेक कुत्री एकत्र असतात तिथं पार्वोसारखा रोग लवकर पसरतो. लहान पिल्लांना त्यात उलट्या आणि रक्ताची हगवण लागते. हा रोग विष्ठेतून पसरतो आणि त्याचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून लसीचा कागद न मागता कोणाचंही कुत्रं ठेवून घेणाऱ्या ठिकाणी आपलं पिल्लू ठेवू नका. कागद मागणारं ठिकाण चांगलं समजा.

आपल्या कुत्र्याची लसही वेळेत हवी. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पिसाळीची सुई, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची, आणि दरवर्षी एक. आदल्या दिवशी सुई देऊन भागत नाही. अंगात ताकद यायला काही आठवडे लागतात, म्हणून निघायच्या महिनाभर आधीच जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या बाजूच्या बायांना तिथंही दाखवता येईल.

घर ठरलं की एकदम चार महिन्यांसाठी सोडू नका. आधी एक दिवस ठेवा, मग एक रात्र. परत आणताना बघा, कुत्रं नीट खातंय का, अंगावर जखम आहे का, त्या बाईला बघून शेपूट हलवतंय की अंग चोरतंय. कुत्र्याला बोलता येत नाही, पण एवढं ते सांगतं.

ठेवताना त्याचं नेहमीचं भांडं आणि अंथरायचं जुनं गोधडं सोबत द्या. कांदा-लसूण घातलेलं कालवण, मनुके, चॉकलेट आणि कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नका, हे बजावून सांगा. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर लिहून द्या. १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठीचा सरकारी फोन नंबरही त्याखाली लिहा. आणि कुत्रं कोणाला चावलं किंवा नख लागलं तर हळद, चुना, मिरची न लावता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी दवाखाना चुकवायचा नाही.

मोबदलाही आधीच ठरवा. उचल हातात येते तेव्हाच त्यातले थोडे पैसे बाजूला काढा किंवा ज्वारी द्या. फुकटची राखण चार दिवस टिकते. गटातल्या बायांनी बैठकीत हा विषय घेतला तर मागं राहणाऱ्या एखाद्या बाईला चार पैसेही मिळतील.

शेवटी कायद्याचं. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की जनावराला उपाशी-तहानलेलं टाकून जाणं आणि आखूड साखळीवर तासन्‌तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. वर्षभर ज्यानं आपली राखण केली, त्याची चार महिन्यांची राखण आपल्याकडे लागते. गाडीत भांडीकुंडी भरण्याआधी तेवढी सोय लावून निघा.