ताप किती? आणि मोजला कुठे?

बोन मॅरो प्रत्यारोपण करून घरी परतणाऱ्या रुग्णाच्या कागदांवर सहसा एक आकडा ठळक लिहिलेला असतो: १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. ताप तिथे पोचला की रात्र-मध्यरात्र न बघता फोन करायचा. समजा, रात्री दीडला रुग्णाला हुडहुडी भरली. आईने काखेत थर्मामीटर लावला, तर ९९.८. कागदावरचा आकडा अजून गाठलेला नाही. मग तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघावी का?

मुळीच नाही. आईचं मोजायला चुकलेलं नाही, थर्मामीटरही बिघडलेला नाही. पण ९९.८ हा काखेचा ताप आहे आणि डॉक्टरांची रेषा काखेसाठी आखलेली नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तापाची जी व्याख्या केली आहे, ती तोंडात मोजलेल्या तापमानाची आहे: एकदाच ३८.३ सेल्सिअस (सुमारे १०१ फॅरनहाइट), किंवा तासभर टिकलेला ३८. काखेत मोजणं टाळा, असंही त्याच सूचनांमध्ये म्हटलं आहे.

एवढ्या अर्ध्या अंशाची इतकी काळजी का? एरवी आपण कणकण अंगावर काढतो आणि बहुतेक वेळा ते निभावतंही. प्रत्यारोपणानंतर ते निभावत नाही. बोन मॅरो बदलताना काही आठवडे रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी मायक्रोलिटरमागे ५०० च्याही खाली जातात. जंतू शिरला तरी पू होत नाही, लाली येत नाही, सूजही जेमतेम. ताप हीच बऱ्याचदा एकमेव खूण असते. किडनी किंवा लिव्हर बसवलेल्या रुग्णाचं संकट वेगळं. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून त्याला जी स्टेरॉइड्स दिली जातात, ती प्रतिकारशक्तीबरोबर तापालाही दाबून ठेवतात. आत संसर्ग पेटलेला आणि बाहेर जेमतेम कसर, असं होऊ शकतं. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताप आला तर रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा दंडक आहे तो याचसाठी.

आता मोजण्याकडे वळू. आपल्याला जाणून घ्यायचं असतं ते शरीराच्या गाभ्याचं, म्हणजे हृदय आणि मेंदूकडून फिरणाऱ्या रक्ताचं तापमान. ते सर्वांत खात्रीने सांगते फुप्फुसाच्या धमनीत सरकवलेली नळी. हृदय किंवा लिव्हर प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत ती वापरतात; घरी अर्थातच ती नसते. घरी आपण शरीराच्या कडेला उभं राहून आतला अंदाज घेतो.

जिभेखालची जागा त्यातल्या त्यात भरवशाची, कारण तिथून धमनी जाते. पण नुकताच चहा किंवा गार पाणी घेतलेलं असेल, किंवा धाप लागून तोंडाने श्वास चालू असेल, तर आकडा बदलतो. शिवाय केमोथेरपीने तोंड सोललेल्या रुग्णाला थर्मामीटर धरवतही नाही. कानाचा पडदा मेंदूच्या रक्तपुरवठ्याला जवळ, म्हणून कानाचं यंत्र तत्त्वतः चांगलं. पण त्याचा रोख पडद्याऐवजी कानाच्या भिंतीकडे गेला किंवा मध्ये मळ आला, की ते भलतंच वाचतं. कोविडच्या काळात दारोदारी कपाळासमोर धरली गेलेली बंदूक फक्त त्वचेची उष्णता टिपते. घाम, पंखा, एसी, सगळे तिला फसवतात. गुदद्वारातलं मोजमाप गाभ्याच्या जवळ जातं, पण पांढऱ्या पेशी कमी असताना तेच निषिद्ध. तिथलं नाजूक अस्तर दुखावलं तर आतड्यातले जंतू थेट रक्तात जायचे.

त्वचेवरचं मोजमाप सर्वांत जास्त चुकतं ते नेमकं हुडहुडीच्या वेळी. जंतूची चाहूल लागली की मेंदूतलं हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान वर न्यायचं ठरवतं. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता निर्माण व्हावी म्हणून स्नायू थरथरतात. हातपाय गार पडतात, कपाळही फार तापत नाही, आणि आत मात्र ताप चढत असतो. रात्री दीडचं ते ९९.८ याच घडीचं आहे.

यावर आपल्याकडे घरोघरी एक तोडगा आहे: ‘काखेत लावलाय ना, मग एक मिळवा.’ सरासरीला तो ठीक आहे, एका माणसाला नाही. लोकल चुकू नये म्हणून मुंबईच्या घरांत घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात. फरक रोज तोच असतो, म्हणून ते घड्याळ चालतं. पण कधी वीस मिनिटं पुढे आणि कधी वीस मिनिटं मागे असणाऱ्या घड्याळाचा हिशेब कसा लावणार? काख, कपाळ, कान आणि तोंड यांची मोजमापं गाभ्याशी ताडून पाहिलेल्या ७५ अभ्यासांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८,६८२ रुग्ण होते. ताप असलेल्या प्रौढांत चूक दोन्ही बाजूंना जवळजवळ दीड सेल्सिअसपर्यंत जात होती. ताप दाखवला, तर तो बहुधा खराच असे. पण खरा ताप असलेल्या दर १०० जणांतले सुमारे ६४ च पकडले जात. थर्मामीटरच्या ‘हो’वर विश्वास ठेवावा; ‘नाही’वर मात्र थोडा कमी.

म्हणून रोज एकच थर्मामीटर, एकच जागा. तोंडात मोजायचं तर खाण्यापिण्यानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून. पॅरासिटामॉल देण्याआधी मोजायचं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते द्यायचंच नाही, कारण ती गोळी आपल्याजवळची एकमेव खूण पुसून टाकते. वहीत आकड्याशेजारी वेळ आणि जागा लिहायची. आणि हुडहुडी भरली, रुग्ण मलूल वाटला, तर आकडा काहीही असो, फोन करायचा.

भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. आज प्रत्यारोपण झालेली माणसं आपल्या गावी, आपल्या घरात राहतात. वॉर्डात नर्सच्या हाती असलेला थर्मामीटर आता आईच्या, बायकोच्या, मुलाच्या हाती आला आहे. तेव्हा फोनवर नुसतं ‘९९.८’ सांगू नका. ‘काखेत ९९.८, रात्री दीडला, थंडी वाजून’ असं सांगा. पलीकडचा डॉक्टर सकाळची वाट बघायला सांगणार नाही.