गोडनिंबावरील अळीचे पाय

घुग्घुस परिसरात कोळशाच्या खाणींची आणि सिमेंटच्या कारखान्याची धूळ झाडांच्या पानांवर बारमाही साचलेली असते. परंतु मृगाच्या सरींनी ती एकदा धुऊन निघाली, की परसातील गोडनिंबाला जी कोवळी पालवी फुटते तिच्यावर लिंबू फुलपाखराची मादी आपली फिकट पिवळी अंडी एकेक करून घालून जाते, आणि ज्याला देहरचनेतील एका अत्यंत गहन प्रश्नाचे प्रत्यक्ष दर्शन घ्यावयाचे असेल त्याला एक भिंग हाती घेऊन त्या झाडापाशी उभे राहण्यापलीकडे कोणतीही सिद्धता करावी लागत नाही.

अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; शेवटच्या अवस्थेत मात्र ती हिरवीगार होते, आणि तेव्हाच तिचे पाय नीट मोजता येतात. तिला डिवचले असता डोक्यामागून दुर्गंधी शिंगे बाहेर काढून ती आपला विरोध प्रकट करते. म्हणून मी तिला स्पर्श न करता डहाळीच हलकेच वळवून खालून पाहतो. डोक्यालगतच्या तीन खंडांवर प्रत्येकी एक जोडी, सांध्यांचे आणि अणकुचीदार नखीचे खरे पाय. त्यामागील उदराचे पहिले दोन खंड अगदी मोकळे. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पुन्हा पाय, पण हे आखूड, मांसल, तळाशी सूक्ष्म आकड्यांची ओळ असलेले. डहाळी घट्ट धरून ठेवण्याचे काम मुख्यतः यांचेच. पुढील तीन खंड मोकळे, आणि अगदी अखेरच्या खंडावर एक जोडी. आरमोरीकडे ढीवर मंडळी येनाच्या झाडांवर कोसाचे किडे पाळतात. तो किडा पतंगाच्या कुळातला, आकाराने कितीतरी मोठा, तरीही त्याच्या अंगावर हाच क्रम एका खंडाचाही फरक न पडता दिसतो.

हा क्रम ज्या जनुकांच्या स्वाधीन आहे त्यांना हॉक्स जनुके म्हणतात. जुन्या अमदानीत प्रत्येक परगण्याचा अंमलदार वेगळा असे आणि आपल्या सरहद्दीत काय उभारावे व कशास मनाई असावी याचा हुकूम त्याचाच चाले. गर्भाच्या देहात या जनुकांचा कारभार जवळजवळ तसाच चालतो. त्याहून विस्मयकारक गोष्ट ही, की गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने मांडलेली असतात, साधारणतः त्याच क्रमाने त्यांचा अंमल डोक्याकडून शेपटाकडे पसरलेला असतो. फळमाशीवर आयुष्यभर काम करणाऱ्या एडवर्ड लुईस यांनी १९७८ सालच्या आपल्या निबंधात या व्यवस्थेची मांडणी केली. १९९५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

माशीच्या उदरावर पाय नसतात, कारण अल्ट्राबायथोरॅक्स आणि अ‍ॅब्डॉमिनल-ए ही दोन हॉक्स जनुके तेथे पाय उगवू देत नाहीत. रेशीमकिड्याच्या एका विकृत वाणात ही दोन्ही जनुके मुळातूनच गहाळ असल्याचे जपानी संशोधकांनी १९९२ साली दाखविले, आणि त्या वाणाच्या गर्भात उदराच्या खंडांवरही छातीच्या पायांसारखे पाय उगवलेले असतात. मग सुरवंटाच्या उदरावर मांसल पाय येतात कसे? १९९४ साली शॉन कॅरोल यांच्या गटाला फुलपाखराच्या गर्भात असे आढळले, की नेमक्या त्या चार खंडांतील लहान लहान ठिपक्यांत ही मनाई उठविली जाते. परंतु हे पाय म्हणजे जुन्याच पायांचे पुनरागमन नसून अगदी नवीन अवयव होत, असा निष्कर्ष सिंगापूरच्या अंतोनिया मोन्तेइरो यांच्या गटाने २०२३ साली काढला. भिंगातून पाहताना त्या मांसल पायांत सांध्याचा मागमूसही आढळत नसल्याने मला हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

कोशातून बाहेर पडलेल्या फुलपाखराच्या मागील पंखावर तांबडा ठिपका असतो, पुढीलवर नसतो. मागील पंखाला पुढीलहून वेगळे रूप देणारे जनुक तेच अल्ट्राबायथोरॅक्स. माशीत त्याच जागी पंखच उरत नाही, तोल सांभाळणारी इवलीशी दांडी तेवढी राहते, आणि तीही याच जनुकाच्या अंमलाखाली घडते. पुण्याच्या आयसर संस्थेत एल. एस. शशिधर यांच्या गटाने या कोड्याचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. मधमाशीचे आणि रेशीमपतंगाचे, म्हणजे ज्यांना मागील पंख चांगले धडधाकट असतात अशा कीटकांचे, हे जनुक फळमाशीत घातले असता तेही तिच्या पंखाची वाढ रोखते, असे त्यांना आढळले. म्हणजे जनुकाचा अधिकार तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच. भेद आहे तो त्याच्या साहाय्यकांत, किंवा ज्या जनुकांवर त्याचा हुकूम चालतो त्यांच्यात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात तिन्ही कीटकांतील ताबेदार जनुकांच्या याद्या ताडून पाहिल्या, तेव्हा बहुतेक जनुके ज्याची त्याची वेगळी निघाली. मात्र पंखाची घडण ठरविणारी बरीचशी जनुके, तीस कोटी वर्षे लोटली तरी, तिन्ही याद्यांत कायम होती.