बहिणीची किडनी आणि पोटातलं बाळ

‘किडनी बदलल्यावर हिला मूल होईल ना?’ हा प्रश्न डॉक्टरांना बहुधा आई किंवा सासू विचारते, तोही दबक्या आवाजात. उत्तर १९५८ सालीच मिळालेलं आहे.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची इडिथ हेल्म. मे १९५६ मध्ये बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी तिला तिच्या जुळ्या बहिणीची, वांडा फॉस्टरची, किडनी बसवली. इडिथ तेव्हा २१ वर्षांची होती. मार्च १९५८ मध्ये तिला मुलगा झाला! मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं. या बहिणींची नावं मात्र किती जणांना ठाऊक आहेत? मला त्यांचं मोल फार वाटतं. त्या एकसारख्या जुळ्या असल्याने वांडाची किडनी इडिथच्या शरीराला परकी वाटलीच नाही आणि प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची गरज पडली नाही. म्हणूनच एक गोष्ट स्वच्छ कळली: ओटीपोटात, गर्भाशयाच्या शेजारी बसवलेली एकच किडनी वाढत्या गर्भाचा भार सोसून आई आणि बाळ दोघांसाठी काम करू शकते.

किडनी निकामी झाली की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, मेंदूकडून अंडाशयाला जाणारा दरमहाचा निरोप बिघडतो. पाळी चुकते, शरीरसंबंधाची इच्छाही मावळते. ही इच्छा गेल्याचं दुःख बायका कुणालाच सांगत नाहीत. नवी किडनी चालू लागली की हे चक्र पुन्हा फिरू लागतं, आणि तेही फार लवकर. काही आठवड्यांत, पहिली पाळी दिसण्याआधीच, बीजांड सुटू शकतं. ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार’ या समजुतीतच नको त्या वेळी दिवस जातात.

नको त्या वेळी म्हणजे पहिल्या वर्षात. तेव्हा किडनी पुरती स्थिरावलेली नसते. शिवाय इडिथला न लागलेली औषधं बाकीच्यांना घ्यावीच लागतात. त्यातल्या मायकोफेनोलेटमुळे गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं. गर्भ राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते थांबवून बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन देतात. हा बदल डॉक्टरांनीच करायचा. मनाने गोळी सोडली तर किडनीच हातची जाईल. गरोदरपणातही रक्तदाबावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, कारण तो वाढण्याचा आणि बाळ दिवसांआधी येण्याचा धोका जास्त असतो.

घरी सोडताना गोळ्यांचा कागद हाती पडेल, तेव्हाच विचारा: संबंध कधीपासून ठेवायचा, तोवर गर्भनिरोधक कोणतं, आणि मूल हवं असेल तर गोळ्या कधी बदलायच्या?